तुम्ही विचारलंत म्हणून: मधमाश्या पाळायला किती दिवसांत येतं?

फोन बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. "ताई, मधमाश्या पाळायच्यात. किती दिवसांचं ट्रेनिंग असतं?" विचारणारी बरीचशी मुलं शेती सांभाळणारी असतात, काही पुण्या-मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेली. माझं उत्तर ठरलेलं आहे : पेटी उघडायला आठवड्याभरात येईल, माशी राखायला एक अख्खा पावसाळा लागेल, तेव्हा जुलैत या. हे ऐकून माणूस गोंधळतो, कारण त्याला मध काढताना बघायचं असतं आणि मध निघतो एप्रिल-मेमध्ये. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमच्या जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात पेटीत राहते ती सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी. मार्चपासून जांभूळ, गेळा, हिरडा एकामागून एक फुलतात. त्या दिवसांत माशी सगळं सांभाळून घेते. चौकट, म्हणजे जिच्यात माशी पोळं बांधते ती लाकडी फ्रेम, जरा वेडीवाकडी ठेवलीत, पेटी चार दिवस उशिरा बघितलीत, तरी तिचं काही अडत नाही. बाहेर भरपूर आहे. आणि याच दिवसांत शिकलेला माणूस समजतो की आपल्याला आलं. मग जून उजाडतो.

आधी वर्गातल्या शिक्षणाबद्दल. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. तिथे जरूर शिका. माशीचं शरीर, रोग, पेटीची मापं हे सगळं नीट शिकवणारा माणूस लागतो, व्हिडिओ बघून ते होत नाही. मात्र कुठेही नाव घालण्याआधी एक प्रश्न विचारा : मला स्वतःला किती वेळा पेटी उघडायला मिळेल? मी एका ठिकाणी पैसे भरून गेले होते, तिथे आम्ही चाळीस जण एका पेटीभोवती उभे होतो. मला पुढच्याची पाठ दिसली आणि शेवटी प्रमाणपत्र मिळालं. खरं शिक्षण मला मामांनी दिलं, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी. त्यांनी पहिल्याच दिवशी पटाशी, म्हणजे चौकटी सुट्या करायचं लोखंडी हत्यार, माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे उभे राहिले.

आता मी मुलांना तसंच शिकवते. आधी कडेची चौकट काढून बाजूला ठेवायची, म्हणजे बाकीच्यांना सरकायला जागा होते. मधली चौकट आधी ओढली की दोन्हीकडच्या माश्या चिरडतात, आणि एक माशी चिरडली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास म्हणजे बाकीच्यांना दिलेली हाक असते. धूर बेताचा. जास्त धुराने सातेरी चौकटीवर सैरावैरा धावायला लागते आणि मग काहीच दिसत नाही. चौकट उचलायची ती पेटीच्या वरच धरायची, राणी पडली तर आतच पडावी. आडवी कधी करायची नाही, नवं पोळं लोण्यासारखं मऊ असतं, स्वतःच्या वजनाने तुटतं. डंख बसला तर नखाने लगेच खरवडून काढायचा, हळू हळू चिमटीत धरत बसायचं नाही. आणि डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर तडक दवाखाना. अशा माणसाने हे काम करू नये असं मी स्पष्ट सांगते. वाईट वाटतं, तरी सांगते.

पण मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो अंडी बघायला शिकवण्यात. नवीन मुलगा राणी शोधत बसतो. राणी दिसली की आनंद होतो खरा, पण तेवढ्यासाठी पेटी वीस मिनिटं उघडी ठेवणं माशीला फार महागात पडतं. त्याऐवजी सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, ऊन खांद्यावरून थेट पोळ्यातल्या षटकोनी घराच्या तळापर्यंत जाऊ द्यायचं, चौकट किंचित तिरकी करायची. तळाशी शेवयाच्या तुकड्याएवढं पांढरं काहीतरी दिसतं. पहिल्या दिवशीचं अंडं घराच्या तळावर ताठ उभं असतं, दुसऱ्या दिवशी कललेलं, तिसऱ्या दिवशी आडवं पडलेलं. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी गेल्या दिवसाभरात इथे होती. शोधायची गरज नाही, झाकण लावा. एकाच घरात दोन-तीन अंडी विस्कटून पडलेली दिसली तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या आहेत. नरांच्या घरांची टोकदार झाकणं, मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलेली, एकदम वाढली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीपेशी, म्हणजे नवी राणी वाढवायची मोठी घरं, लोंबायला लागल्या, तर वसाहत विभागायची तयारी चालू आहे. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून या. हे डोळ्यांचं काम आहे.

या एका अंड्याने मला जे शिकवलं ते मी फार मोठी किंमत देऊन शिकले. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे अकरा पेट्या होत्या. मेच्या शेवटी मी मध निपटून काढला. भाव चांगला होता, घरात पैसे हवे होते. जून-जुलैत पावसाचा जोर, वर भाताची लावणी, मी पेट्यांकडे फिरकले नाही. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा गेले, तर सात पेट्यांत माशी नव्हती. मेलेलीसुद्धा नव्हती. पोळी जागच्या जागी, कागदासारखी हलकी, आत मध नाही, अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. दोन पेट्यांत पोळं खाणाऱ्या मेणकिड्याच्या अळ्यांनी जाळी विणायला घेतली होती. मी तिथेच ओल्या गवतात बसून रडले.

मामांनी ओरडा केला नाही. त्यांनी उरलेल्या चार पेट्यांपैकी एक मागच्या बाजूने दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, "धर. हे वजन लक्षात ठेव." मग त्यांनी समजावलं. सातेरी उपाशी मरायची वाट बघत नाही, ती घर सोडून जाते. पण एका रात्रीत नाही जात. आधी राणी अंडी घालणं थांबवते. जी पिल्लं कोषात आहेत ती बाहेर पडू देतात, शिल्लक मध संपवतात, मग सगळ्या मिळून निघतात. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण वीस दिवस लागतात. म्हणजे अंडी थांबल्याचं ज्याच्या वेळेवर लक्षात आलं, त्याच्या हातात दोन-अडीच आठवडे असतात. मी ते दोन-अडीच आठवडे बघितलेच नव्हते.

म्हणून जुलैत या म्हणते. तेव्हा खरी कामं असतात. पाऊस थांबला की दहा मिनिटांत पेटी उघडून, बघून, बंद करायची. माश्यांनी झाकलेल्या असतील तेवढ्याच चौकटी ठेवायच्या, रिकामी पोळी बाहेर काढायची, नाहीतर मेणकिडा तिथूनच सुरू होतो. आठ दिवसांनी तळपाट खरवडून पुसायचा. वजन हलकं लागलं तर साखरेचा पाक द्यायचा, तोही संध्याकाळी आणि एक थेंब बाहेर न सांडता, कारण सांडलेल्या पाकाच्या वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत तासाभरात संपते. दार लहान करायचं. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे का बघायचं, मुंग्या वाटच बघत असतात. अंडी थांबलेली दिसली तर दुसऱ्या पेटीतली अंडी-पिल्लांची एक चौकट आणून द्यायची. पिल्लं असली की माशी सहसा घर सोडत नाही. म्हणूनच सुरुवात एका पेटीने करू नका, दोन घ्या. आणि दहा तर अजिबात घेऊ नका, विकणारा कितीही आग्रह करो. आता मी मेमध्ये मध काढते तेव्हा पिल्लांच्या कोठीतल्या मधाला हात लावत नाही. ती तिची पावसाळ्याची शिदोरी आहे. पेटीमागे दोन किलो कमी मिळतो, पण ऑगस्टमध्ये माशी घरात असते.

मेलिफेराबद्दलही, म्हणजे परदेशातून आलेल्या युरोपीय मधमाशीबद्दलही विचारतात, कारण मध कितीतरी जास्त मिळतो. खरं आहे. पण ती माशी घेऊन सूर्यफूल, मोहरी, ओवा असा फुलोऱ्यामागे प्रवास करावा लागतो, ट्रक लागतो, भांडवल लागतं. ज्याला ते जमतं त्याने त्या मधपाळांबरोबर एक हंगाम फिरून शिकावं. माझ्याकडे ते शिकायला मिळणार नाही.

गेल्या वर्षी साताऱ्याकडचा एक मुलगा आला होता. माशीबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. मी त्याला पहिले तीन दिवस पेटी उघडू दिली नाही, नुसतं दारासमोर बाजूला बसवलं. पहिल्या दिवशी तो कंटाळला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "ताई, वारा घालणाऱ्या माश्या तोंड बाहेर करून का उभ्यात? चित्रात तर आत होतं." चित्र मेलिफेराचं होतं, सातेरी बाहेर तोंड करूनच पंख हलवते. तेव्हा मला वाटलं, हा राहील. तो सप्टेंबर संपेपर्यंत दर आठवड्याला एसटीने येत राहिला. दोन पेट्या त्याच्या नावावर होत्या. जाताना वही माझ्याकडे विसरला, ती अजून कपाटात आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय :

"२ नंबर. मागच्या वेळी हलकी होती, पाक दिला होता. आज वजन ठीक. सोनकी फुललीय, पायांवर पिवळा पराग येतोय. उघडली नाही."