खटका

दुपारचे अडीच. जेवणं होऊन घर आडवं झालेलं, बाहेर श्रावणातलं झाकोळलेलं, चिकट आभाळ. न्हाणीघरात कोणी नाही, दार सताड उघडं, आणि तरी वरच्या झरोक्यातला पंखा घुं करून सुरू होतो. दोन मिनिटं फिरतो, थांबतो. पुन्हा सुरू होतो. आजी कूस न बदलता विचारते, "कोण आहे रे आत?" नातू मोबाइल बघून सांगतो, "कोणी नाही गं आजी, ह्युमिडिटी आहे."

आजीला हे उत्तर पटत नाही. पटूही नये. एक्झॉस्टच्या, म्हणजे या पंख्याच्या, मोबाइलवरून चालणाऱ्या स्मार्ट स्विचला ओलीचा सेन्सर जोडून '65 टक्क्यांच्या वर चालू, खाली बंद' असा नियम घातला की बडोद्यात पावसाळाभर पंखा थांबतच नाही. इथे तेव्हा बाहेरच्याच हवेत 80-85 टक्के ओल असते. पंख्याने आतली हवा फेकली तर दाराखालून तितकीच ओली हवा आत येणार, 65 चा आकडा दिसणार तो नवरात्र उलटल्यावर. मग कोणीतरी वैतागून आकडा 82 करतो आणि तिथून हा लपंडाव सुरू होतो, कारण घरातली हवाच 81 आणि 83 च्या मधे झुलत असते. मे महिन्यात उलटी तऱ्हा. हवा इतकी कोरडी, की अंघोळ होऊन भिंती निथळताहेत तरी आकडा 60 ला शिवत नाही आणि पंखा ढिम्म.

म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. दुसरा सेन्सर दिवाणखान्यात ठेवावा आणि दोघांतला फरक बघावा. न्हाणीघर 12 टक्क्यांनी वर गेलं की चालू, फरक 5 वर आला की बंद, आणि काहीही झालं तरी 30 मिनिटांनी बंद. चालूचा आणि बंदचा आकडा एकच ठेवला की पंखा उचकी लागल्यासारखा वागतो. सेन्सरही शॉवरच्या तोंडाशी नको आणि पंख्याच्या झोतातही नको. दाराच्या बाजूच्या भिंतीवर, पाच-सहा फुटांवर, जिथे पाणी उडत नाही अशी जागा बघावी.

पण आजीचा प्रश्न ओलीचा नव्हताच. खटका कोणी दाबला, हा होता.

खटका हा शब्दही आता जुन्या घरांबरोबर चाललाय. शेजारच्या गुजराती काकी चांप म्हणायच्या, आपण खटका. काळा, गोल, बॅकेलाइटचा, लाकडी बोर्डावर पितळी स्क्रूने बसवलेला. खाली केला की चालू, वर केला की बंद. अंधारात नुसता हात फिरवून कळायचं दिवा चालू आहे की लाइट गेली आहे. आवाज असा, की कोण किती वाजता न्हाणीत गेलं हे माडीवरच्यांना ऐकू जायचं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यांतल्या न्हाण्यांना मात्र खटका एकच, दिव्याचा. पंखा कुठला? वर विटा तिरक्या लावून केलेली जाळी, खाली तांब्याचा बंब, आणि सकाळी जाळीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपीत बंबाचा धूर पायऱ्या चढल्यासारखा वर जाताना दिसायचा. शेणीचा धूर वेगळा, नारळाच्या करवंट्यांचा वेगळा, ओल्या लाकडाचा तर डोळे चोळायला लावणारा. सयाजीरावांनी 1890 च्या दशकात आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात आणलं तेव्हा नळ आला. धूर जायची सोय विटांकडेच राहिली, आणि तिने कधी कोणाला दगा दिला नाही. पारव्यांनी घरटं केलं तरच.

आता जाळीच्या जागी सहा इंची प्लास्टिकचा पंखा, आणि खटक्याच्या मागे भिंतीतल्या डब्यात काड्यापेटीएवढं स्मार्ट स्विचचं मॉड्यूल. कारागीर बोर्ड उघडतो, टॉर्च मारतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "काका, आमां तो न्यूट्रल नथी." यात न्यूट्रलच नाही, हे बहुतेकदा खरंच असतं. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी काळी वायर, थेट दिव्याकडे आणि पंख्याकडे जातो, बोर्डात फक्त फेज, म्हणजे प्रवाह आणणारी वायर, येऊन कापली जाते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल सापडतो. न्हाणीघराच्या बोर्डावर नुसती बटणं असतात आणि गिझरचा सॉकेट आत, वर. अशा वेळी बिनन्यूट्रलचं मॉड्यूल घ्यायचा मोह होतो. दिव्याला ते चालतं. एक्झॉस्टला नको. बंद असतानाही ते स्वतःच्या पोटापुरता प्रवाह पंख्यातूनच खेचतं. पंखा कुजबुजत राहतो आणि पोट भरलं नाही की मॉड्यूल दर थोड्या वेळाने ऑफलाइन जातं. सोबत येणारा छोटा कपॅसिटर पंख्याच्या टोकाशी, पंख्याला समांतर लावला तर काही घरांत जमतं. त्यापेक्षा पाइपात स्प्रिंग घालून तीन-चार मीटर काळी वायर ओढून घ्यावी. अर्ध्या तासाचं काम, मग आयुष्यभर शांतता.

ही काळी वायर कुठून घेतली याला मात्र फार महत्त्व आहे. शेजारच्या खोलीच्या बोर्डात न्यूट्रल दिसला म्हणून उचलला, आणि तो दुसऱ्या सर्किटचा, दुसऱ्या ईएलसीबीखालचा (गळती झाली की वीज तोडणाऱ्या खटक्याखालचा) निघाला, तर पंखा लागला रे लागला की घरभर अंधार. ईएलसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह जुळवून बघतो. फरक 30 मिलिअँपियरच्या आसपास गेला की पडतो. पंख्याचा 150-200 मिलिअँपियर एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतला, तर त्याचा हिशेब जुळणार कसा? लोक ईएलसीबीला शिव्या देतात, काही महाभाग तो काढूनच टाकतात. इन्व्हर्टर असलेल्या घरात तर फेज इन्व्हर्टरची आणि न्यूट्रल भलत्याच लायनीचा, हा घोळ हमखास सापडतो.

बरं, वायरिंग बरोबर आहे, पंखा चालूही होतो, पण बंद केला की मॉड्यूल मान टाकतं. किंवा ॲपवर बंद दिसतो आणि पंखा फिरतच राहतो. 'दहा अँपियरचं मॉड्यूल आणि 40 वॉटचा पंखा, जळेल कसं?' असं दुकानदार विचारतो, तेव्हा तो आकड्यांपुरता बरोबर असतो. डब्यावरचे दहा अँपियर बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडचे असतात. पंखा म्हणजे तारेचं वेटोळं. प्रवाह तोडला की वेटोळं चिडून उलटा झटका देतं, तो रिलेच्या, म्हणजे मॉड्यूलमधल्या खटक्याच्या, दोन पत्र्यांमध्ये ठिणगी होऊन उडतो. त्या ठिणगीने शेजारची चिप गोंधळून जाते, आणि अशा पुष्कळ ठिणग्यांनंतर पत्रे एकमेकांना चिकटून बसतात. मॉड्यूलवर टिचकी मारल्यावर पंखा थांबला तर पत्रे चिकटले असं समजावं. ते मॉड्यूल टाकून द्यावं, टिचकीवर दिवस काढू नयेत.

याला उपाय म्हणजे स्नबर, तो झटका गिळणारी जोडी. 0.1 मायक्रोफॅराडचा एक्स-टू (X2, मेनच्या विजेवर लावायच्या) दर्जाचा, 275 व्होल्ट एसीचा कपॅसिटर, मोठ्या चिंचोक्याएवढी पिवळी डबी. तिच्या एका पायाला 100 ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर, एकामागे एक. तयार जोडीही मिळते, काळ्या आवरणातून दोन वायरी बाहेर आलेली. ती पंख्याच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये आडवी जोडायची. रिलेच्या दोन टोकांवर जोडू नये. तिथे लावली तर रिले उघडा असतानाही कपॅसिटरमधून सात मिलिअँपियर झिरपतात, आणि त्याच रिलेवर एलईडी दिवा असला तर तो रात्रभर काजव्यासारखा तेवत राहतो. साधा सिरॅमिक कपॅसिटर 'चालून जाईल' म्हणून कोणी हातात ठेवला तर परत करावा, एक्स-टू हेच अक्षर बघून घ्यावं. आणि हे सगळं मेन बंद करून. टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, या भरवशावर हात घालू नये, मल्टिमीटरने बघावं.

वेगाच्या मॉड्यूलवर, म्हणजे डिमरवर, एक्झॉस्ट लावूच नये. मोटर गुणगुणते, तापते, आणि मिळतं काय? हळू फिरणारा एक्झॉस्ट. त्याचा उपयोग मला अजून कळलेला नाही. पंख्याच्या मॉड्यूलवरच गिझर टाकायचीही टूम निघते. 2000 वॉटचा गिझर जवळजवळ नऊ अँपियर सतत ओढतो, 3000 वाला तेरा. त्याला वेगळं, 16 अँपियरचं.

बटणाच्या दोन वायरी मॉड्यूलच्या एस-वन, एस-टू या टोकांत जातात. बहुतेक मॉड्यूलांत तिथे मेनची फेज द्यायची नसते, काहींत मात्र फेजच द्यावी लागते. म्हणून पाठीवरचा नकाशा वाचल्याशिवाय स्क्रू आवळू नये. बटण दोनदा दाबावं लागतं ही तक्रार ॲपमधल्या एका खुणेची असते. मॉड्यूल घंटीच्या बटणासारखं लावलेलं असतं आणि भिंतीवर आहे साधा खटका. तिथे 'एज' निवडलं की खटका वर जावो की खाली, प्रत्येक हालचालीला स्थिती पालटते. लाइट जाऊन आल्यावर काय करायचं हेही तिथेच ठरवता येतं. पंख्याला 'बंद' द्यावं, नाहीतर पहाटे तीनला लाइट आली की पंखाही उठतो. तीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं घड्याळ 'इंचिंग' या नावाने मॉड्यूलच्या आतच असतं. तेच वापरावं. ॲपमधलं वेळापत्रक इंटरनेट गेलं की अनेकदा झोपी जातं आणि पंखा जागा राहतो.

सिग्नलचं थोडक्यात. बहुतेक मॉड्यूलांना 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, आणि मॉड्यूल पत्र्याच्या डब्यात, नऊ इंची भिंतीत, टाइल्सच्या मागे बसलेलं असतं. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा उणे 65 पर्यंत ठीक, उणे 75 म्हणजे रोजची कटकट. पत्र्याचा डबा बदलून प्लास्टिकचा बसवला तर बरंच सुधारतं. राऊटर बदलायची घाई नको.

माझा एक हट्ट आहे. बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवावं: न्यूट्रल कुठून घेतला, कोणत्या एमसीबीवर आहे, स्नबर लावला की नाही. लोक हसतात. दोन वर्षांनी दुसरा कारागीर झाकण उघडतो तेव्हा हसत नाहीत.

एवढं सगळं नीट असूनही ॲप खोटं बोलतं, आणि ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. ॲपला रिले दिसतो, पातं दिसत नाही. बाहेरच्या पट्ट्यांवर पारव्यांनी काड्या आणून ठेवल्या, मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशमधलं तेल सुकलं, पात्यांवर साबणाच्या वाफेचा आणि धुळीचा थर बसला, की पंखा घुं करतो आणि जागचा हलत नाही. बंद करून काठीने पातं फिरवून बघावं. जड लागलं तर बुशमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, हलकं आहे पण स्वतःहून सुटत नाही तर पंख्याचाच कपॅसिटर बदलावा, आणि तोही जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच. अडकलेली मोटर तापून आतला थर्मल फ्यूज उडाला की घुं सुद्धा नाही. ॲपवर हिरवा ठिपका तसाच. वॉट दाखवणारं मॉड्यूल असेल तर तिथे शून्य दिसतं, पण बघतो कोण? त्यापेक्षा कागदाचा चिटोरा पंख्याच्या जाळीला लावावा. चिकटून राहिला तर हवा जाते आहे. गळून पडला तर आधी दाराखाली बोटभर फट आहे का ते बघावं, आत हवा यायलाच वाट नसेल तर पंखा काय फेकणार?

त्या फटीवरून एक गोष्ट आठवते, आणि ती हसण्यावारी न्यायची नाही. पाइपचा गॅस आला तशी बडोद्यात कित्येक न्हाणीघरांत गॅसची गिझरं लागली, काही अजून आतच आहेत. दार-खिडकी बंद, फट नाही, आणि एक्झॉस्ट चालू असला तर तो गिझराच्या धुराड्यातूनच हवा ओढतो, जळका वायू आत येतो. एक्झॉस्ट बंद पडला तर तोच वायू आत साठतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, खोकलाही येत नाही. बंबाचा धूर निदान डोळ्यांतून पाणी तरी काढायचा. आत माणूस अंघोळ करत असतो आणि मोबाइलवर हिरवा ठिपका. गिझर आधी बाल्कनीत काढा, मग मॉड्यूलचं बघू. आजी पुन्हा विचारेल, "कोण आहे रे आत?" उठून दार वाजवा.