जांभई आली आणि जबडा अडकला

दवाखान्याचं शटर नुकतंच वर केलं होतं. दारात जीप थांबली आणि तीतून अख्खं लग्नघर खाली उतरलं. मध्ये नऊवारीतल्या आजी, तोंडावर पदराचा बोळा. रात्री घरी गोंधळ होता. आजी पहाटेपर्यंत संबळापाशी बसून राहिल्या, सकाळी चहा घेताना मोठी जांभई आली आणि उघडलेलं तोंड मिटेचना.

"वारं गेलंय, मॅडम," मुलगा म्हणाला. "साताऱ्याला न्यायला निघालो होतो, वाटंत तुमचा बोर्ड दिसला."

पदर बाजूला केला. हनुवटी पुढे आलेली, लाळ गळतेय, डोळ्यांत पाणी. डोळे घट्ट मिटायला सांगितले, मिटले. दोन्ही हात वर करायला सांगितले, दोन्ही सारखेच वर गेले. लकव्यात चेहऱ्याची एक बाजू लोंबते. इथे तसं काहीच नव्हतं. मग कानाच्या पुढे बोटं ठेवली. जिथे हाडाचा उंचवटा लागायला हवा तिथे खड्डा, आणि तोही दोन्हीकडे. पडल्या का, मार लागला का, उलटीची एखादी गोळी घेतली होती का, सगळं विचारून झालं. गोळीचं अशासाठी की उलटीच्या काही औषधांनी जबड्याचे स्नायू आखडतात. सगळ्याचं उत्तर 'नाही' असंच आलं. म्हणजे जांभईनेच जबडा निखळला होता.

एवढ्यात मागून कुणीतरी सल्ला दिला, "एक थोबाडीत द्या, आपसूक बसतोय. आमच्या चुलत्याचा तसाच बसवलावता." मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

शाळेत आपण बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा असं शिकतो. गुडघा-कोपर एकीकडे, खांदा-खुबा दुसरीकडे. जबडा या वर्गवारीत नीट बसतच नाही. कानापुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडून बघा. पहिले दोनेक सेंटिमीटर हाडाचं टोक जागच्या जागी फिरतं, तिथवर ही बिजागरी. आणखी उघडलंत की तेच टोक बोटाखालून निसटून पुढे घसरतं, आणि बिजागरीचा झाला सरकता सांधा. मध्ये एक चिवट चकती असते, ती टोकाबरोबर सरकते. शिवाय खालचं हाड एकच आणि सांधे दोन, त्यामुळे एक बाजू हलली की दुसरीला गप्प बसता येत नाही. पूर्ण उघडल्यावर आपापली तीन बोटं उभी मावतात, म्हणजे साधारण चार ते पाच सेंटिमीटर.

हे टोक ज्या उतारावरून घसरतं त्याच्या शेवटी हाडाचाच उंचवटा आहे. मोठ्या जांभईत टोक त्याच्याही पलीकडे गेलं, की स्पीडब्रेकर ओलांडून गाडी बंद पडावी तसं होतं. चावण्याचे स्नायू घाबरून आवळतात आणि जबडा वर ओढतात, पण वर ओढल्याने टोक उंचवट्याच्या पुढच्या बाजूला आणखीच रुतून बसतं. माणूस तोंड मिटायचा जितका जोर करील तितकं ते पक्कं होतं.

सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार दिले आहेत. त्यांत जबड्याचा 'वायसतुंड', म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखा. दातांचीही गणना तिथे सांध्यांत केली आहे, उखळीच्या प्रकारात, खांद्याच्या पंगतीला! आजचं शरीरशास्त्रही दात आणि हाडाच्या जोडाला सांधाच म्हणतं. दंतवैद्य म्हणून मला याचा उगाचच अभिमान वाटतो.

आजींची खुर्ची अगदी खाली घेतली, डोकं टेकवलं, गालांवर गरम पाण्याच्या घड्या ठेवल्या. "आजी, मिटायचा जोर करू नका. नाकानं श्वास घ्या, जबडा माझ्या हातात सैल सोडा." हे सांगण्यात बराच वेळ गेला, आणि खरं काम तेच होतं. अंगठ्यांना गॉजचे जाड वेढे दिले. जबडा बसताना दात खटकन मिटतात आणि मध्ये अंगठे सापडतात. दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर, बाकीची बोटं बाहेरून हाडाखाली. आधी दाबायचं खाली, सावकाश आणि न सोडता. स्नायू थकून सैल पडले की मग मागे सरकवायचं. लोक नेमकं उलट करतात, थेट मागे ढकलतात, पण मध्ये उंचवटा असताना ते जाणार कुठे?

दाब धरून ठेवला. स्नायू हळूहळू नरमले आणि एकदम 'खट्' करून दोन्ही बाजू आत गेल्या. मी अंगठे गालाकडे काढून घेतले.

आजींनी तोंड मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मग दाराकडे बघून म्हणाल्या, "थोबाडीत द्या म्हणणारा कोन हाय त्यो? आत बोलवा त्याला."

हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. दोन-तीन आठवडे भाकरी दुधात कुस्करून किंवा मऊ भात, आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. एकदा निखळलेला जबडा पुन्हा निखळू शकतो, हे मुलालाही बजावून सांगितलं.

पुढे त्या दाखवायला आल्या तेव्हा खालच्या डाव्या दाढेत कीड दिसली. दाढ भरताना फार वेळ आ करून बसावं लागतं आणि तेवढ्यानेही असा सांधा सुटतो. म्हणून थोडं थोडं काम केलं, आणि मध्ये मध्ये आजींना तोंड मिटून बसायला लावलं.