द्रवातल्या अणूची स्मृती

विद्यार्थिदशेत माझ्या मनात द्रवाचे एक चित्र पक्के बसले होते: अणू एका जागी थरथरत राहतो, शेजारी रिकामी जागा मिळताच तिच्यात उडी घेतो आणि तिथे पुन्हा थरथरू लागतो. स्फटिकातल्या विसरणाला, म्हणजे अणूंच्या हळूहळू पसरण्याला, हे चित्र बरेचसे लागू पडते. द्रवरूप आरगॉनसारख्या साध्या द्रवाबाबत मात्र ते दिशाभूल करते, आणि ते का, हे उमगल्यापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

भौतिकशास्त्रज्ञ अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ आरगॉन अणूंची गती संगणकावर क्षणाक्षणाने मोजली, तापमान ९४.४ केल्विन होते. या तापमानाला अणूचा वेग सेकंदाला साधारण २४० मीटर असतो, तरीही स्वतःच्या व्यासाएवढे, म्हणजे सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) अंतर सरकायला त्याला सात-आठ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) लागतात. वाट मोकळी असती, तर तेवढ्या वेळात तो पाचपटीहून अधिक दूर गेला असता. त्याला अडवतो तो दहा-बारा शेजाऱ्यांचा पिंजरा. अणूचा सुरुवातीचा वेग आणि नंतरचा वेग यांचा सहसंबंध, म्हणजे ते कितपत जुळतात याचे माप, काढला, तर अर्ध्या पिकोसेकंदाच्या आतच तो ऋण होतो, म्हणजे अणू सरासरीने आल्या दिशेला परतू लागलेला असतो. तेवढ्या अल्प काळापुरता द्रव घनासारखाच वागतो. पण या पिंजऱ्याच्या भिंतीही अणूंच्याच आहेत आणि त्याही तितक्याच चंचल आहेत. त्यामुळे अणूला पिंजरा फोडावा लागत नाही, पिंजराच त्याच्याभोवती विरत जातो. साध्या द्रवातले शिथिलन, म्हणजे रचना सैल होत बदलणे, ते हेच. द्रव अतिशीत करून, म्हणजे गोठणबिंदूखालीही द्रवच ठेवून, काचेच्या अवस्थेकडे नेला की पिंजरे दीर्घायुषी होतात, आणि उडीच्या चित्रात पुन्हा अर्थ येतो.

यापुढची गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. काही टकरींनंतर अणू आपला मूळ वेग पार विसरत असेल आणि ही विस्मृती घातांकी वेगाने, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पटीने घटत, होत असेल, अशी समजूत होती. आल्डर आणि वेनराइट यांनी कठीण गोलांच्या, म्हणजे अणूंच्या जागी फक्त एकमेकांवर आदळून उसळणारे गोल कल्पिलेल्या, द्रवाचे गणित संगणकावर केले आणि १९७० मध्ये दाखवून दिले की तसे घडत नाही. पुढे सरकणारा अणू समोरच्या अणूंना ढकलतो. ते बाजूंनी वळून मागे येतात आणि त्याच्याभोवती एक सूक्ष्म भोवरा तयार होतो, जो त्याच अणूला मागून हलकासा रेटा देत राहतो. म्हणून वेगाची स्मृती, म्हणजे वर सांगितलेला सहसंबंध, काळाच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात, फार सावकाश ओसरते. अखंड प्रवाहाचे नियम इतक्या थोड्या अणूंच्या घोळक्यातही लागू पडावेत, याचे मला आजही नवल वाटते. द्विमितीय द्रवात तर ही स्मृती जवळपास काळाच्या साध्या व्यस्त प्रमाणातच घटते. काळ जाईल तशी तिची बेरीज कोणत्याही मर्यादेला न पोहोचता वाढतच राहते आणि त्या बेरजेवरूनच मिणारा विसरणांक, म्हणजे अणू किती लवकर पसरतात ते सांगणारा आकडा, ही नेहमीच्या अर्थाने निश्चित राशीच उरत नाही.