आठ वारांचा किल्ट

भाच्याचं लग्न एडिंबरामध्ये ठरलं तेव्हा त्याने फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. स्वेटर आण, आणि मामा, तुला किल्ट घालायचाय. किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा चौकड्याच्या कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा घागऱ्यासारखा पोशाख. मुलीकडचे सगळे पुरुष किल्टमध्ये असणार होते, मग मुलाचा मामा पँटमध्ये कसा चालेल? तिथे भाड्याने मिळतो, काळजी करू नकोस, असंही म्हणाला. पण जालन्याला आमचं तीस वर्षं सुटिंग-शर्टिंगचं दुकान होतं. सात समुद्र ओलांडून जायचं आणि भाड्याचं कापड अंगावर घालायचं हे मला पटेना. म्हटलं, आपण विकतच घेऊ, आणि चांगला घेऊ. कापड आपल्याला कळतं.

कापड आपल्याला कळतं, हे वाक्य पहिल्याच दिवशी माझ्या घशात गेलं.

एडिंबराच्या किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत एक रस्ता उतरत जातो, रॉयल माइल. दर चार दुकानांमागे एका दुकानात बॅगपाइपची रेकॉर्ड चालू, दाराशी किल्टची रांग, शेजारी मफलर, चुंबक, चावीचे गोफ. मी एकात शिरलो. विकणाऱ्या पोराने आधी आडनाव विचारलं, घराण्यागणिक चौकडा वेगळा असतो म्हणे. मी सांगितलं. त्याने कॉम्प्युटरवर टाइप केलं, स्क्रीनकडे जरा वेळ पाहिलं आणि काही न बोलता मला रॉयल स्ट्युअर्ट नावाच्या लाल चौकड्यासमोर नेऊन उभं केलं. हा सगळ्यांना चालतो, हजार वर्षांची परंपरा आहे वगैरे. पस्तीस पौंड. तेरा तासांच्या प्रवासाने डोकं जड झालेलं होतं. घेतला.

घरी येऊन घातला आणि बाहेरच्या खोलीत आलो. भाचा सोफ्यावर आडवा होऊन हसायला लागला. मी निऱ्या पुढे घेतल्या होत्या. आता निऱ्या म्हणजे पुढेच, आमच्या घरात दुसरं कुणी काही पाहिलंच नाही. किल्टच्या निऱ्या मागे असतात आणि पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात, हे मला तेव्हा कळलं. मग मी तो काढून हातात घेतला आणि दुकानदाराच्या नजरेने बघितला. कमरेला वेल्क्रो. निऱ्या मशिनने मारलेल्या, आतून दोरे लोंबतायत. कापड ॲक्रिलिक, चुरगाळलं की अंगठ्याला प्लास्टिकसारखं लागतं. हे कापड जालन्यात मला कुणी लोकर म्हणून दाखवलं असतं तर मी चहासुद्धा पाजला नसता.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. किंमत विचारायची नाही, ‘शिवता कुठे?’ हे विचारायचं. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एकाने विषयच बदलला. एक म्हणाला, आमच्याच कारखान्यात, आणि आतल्या पट्टीवर पाकिस्तान लिहिलेलं. सियालकोटला बॅगपाइपचा आणि किल्टचा मोठा धंदा चालतो, त्यात वावगं काही नाही, पण मग तसं सांगावं. एका ठिकाणी काम खरंच चांगलं होतं, पण त्यांच्याकडे इतकी कामं पडून होती की त्यांनीच हात वर केले. रॉयल माइलवर सगळंच बनावट आहे असं नाही, चांगले शिवणारे तिथेही आहेत. फक्त बॅगपाइपच्या आवाजातून त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

शेवटी मुलीच्या वडिलांनी सोडवलं. त्यांनी स्वतःचा किल्ट आणून टेबलावर उलटा पसरला. चाळीस वर्षांचा होता. पोट वाढलं तसे पट्टे दोनदा सरकवून घेतलेले, बाकी टाका हललेला नाही. शिवणाऱ्याचं दुकान कधीच बंद झालं, पण त्याच्या हाताखाली शिकलेली एक बाई लीथ वॉक नावाच्या रस्त्याच्या बाजूला काम करते, असं म्हणून त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला.

वरच्या मजल्यावर एक खोली. पाटी एवढीशी, संगीत नाही. मोठं टेबल, त्यावर अर्धवट किल्ट, पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाचलेला. बाईंनी मला कापड दाखवलंच नाही. आधी विचारलं, राहता कुठे? तिकडे थंडी किती? कितीदा घालणार? मी म्हटलं, मराठवाडा, मे महिन्यात बेचाळीस अंश. त्या हसल्या आणि वाराला सोळा औंसांचा गठ्ठा बाजूला सारून तेरा औंसांचा ओढला. जास्त पैशांचं कापड बाजूला सारणारे दुकानदार मी उभ्या आयुष्यात फार पाहिलेले नाहीत. मीही त्यातला नव्हे.

मग माप. मी सांगितलं, कंबर छत्तीस. त्यांनी टेप बेंबीवरून फिरवला आणि चाळीस लिहिलं. किल्ट पँटच्या जागी नाही, वर बसतो, त्यामुळे पँटचा आकडा इथे चालत नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, सगळ्यांचं असंच होतं. मग नितंबाचं माप, मग कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मधोमधपर्यंतची लांबी. एकूण कापड आठ वार, हाताने शिवायला दोन-तीन दिवस.

टेबलावरचा किल्ट त्यांनी मला हातात धरू दिला. मागच्या निऱ्या मोजल्या, पंचवीस. प्रत्येक निरीचा इंचभरच भाग बाहेर दिसतो, बाकी सगळं कापड आत दडलेलं. आणि तरी मागून पाहिलं तर चौकडा अखंड, जणू निऱ्या घातल्याच नाहीत. म्हणजे प्रत्येक निरी अशी मोडायची की पुढची बरोबर त्याच रेषेवर येऊन बसेल. लष्करी पद्धतीत चौकड्यातली एकच रेघ प्रत्येक निरीवर घेतात, तेही त्यांनी दाखवलं. खाली घेराला दुमड नव्हती, कापडाचा मूळ काठच तिथे येतो. मी बराच वेळ तो काठ बोटांनी चाचपत बसलो.

राहिला चौकड्याचा प्रश्न. आडनावाची अट कायद्यात कुठेच नाही, असं त्या म्हणाल्या. १७४६च्या कायद्याने हा पोशाखच बंद केला होता, १७८२ला तो उठला, १८२२ला राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा सगळ्यांना आपापला चौकडा हवा झाला. घराण्यांचे बरेचसे चौकडे त्या सुमारासच ठरले. हजार वर्षांची गोष्ट तिथेच संपली. त्यांनी गडद हिरव्या-निळ्यावर पांढरी आणि लाल रेघ असलेलं एक कापड उलगडलं. देखणं होतं. मॅकेन्झी, म्हणाल्या, ७८व्या हायलँडर्स पलटणीचा. आकडा ओळखीचा वाटला. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांचा सेनापती वेलस्लीबरोबर हीच पलटण होती, आणि असई आमच्या जालना जिल्ह्यात. शाळेची सहल गेली होती तिथे. दोनशे वर्षं झाली हे कबूल, पण मी ते कापड नीट घडी घालून परत दिलं. बाईंना कारण सांगितलं तर त्यांनी भांडणाशिवाय मान्य केलं. आइल ऑफ स्काय घेतला, हिरवा आणि जांभळा. तो बेटाचा आहे, कुठल्या घराण्याचा नाही.

पैसे सहाशे पौंडांच्या आसपास, मुदत दहा आठवडे. म्हणजे लग्नाला तो मिळणार नव्हताच, हे मला मापं देऊन झाल्यावर सुचलं. लग्नात शेवटी भाड्याचाच घातला, भाच्याने त्यावर काही बोलायचं टाळलं. एक गोष्ट मात्र बाईंनी आपणहून सांगितली. पर्यटकाने दुकानातून माल उचलून नेला तर त्याला व्हॅट परत मिळत नाही, ती सोय १ जानेवारी २०२१पासून बंद झाली. पण दुकानाने थेट परदेशी पत्त्यावर पाठवलं तर व्हॅट लागत नाही, आणि तो वीस टक्के आहे. पार्सलवर इकडे कस्टम भरावं लागलं, ते वेगळं. किल्टबरोबर मोज्यात खोचायचा छोटा सुराही घेतला होता, तो आठवणीने चेक-इनच्या बॅगेत टाकला.

पार्सल आलं त्या दिवशी आई ओसरीत बसली होती. वय ब्याऐंशी, अजून नऊवारीच नेसते. तिने किल्ट मांडीवर घेतला, उलटा केला, चष्मा वर सरकवून टाके बघितले, निऱ्या एकेक करून उलगडल्या.

“हातानं शिवलंय,” ती म्हणाली. “किती कापड?”

“आठ वार.”

“आणि पैसे?”

सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली.

“एवढे घेऊन वर एक वार कमीच दिलं की रे.”