जबडा सैल सोड!

डिसेंबरात नाशिककरांना पहाटे दात आवळायला कारण लागत नाही. गोल्फ क्लब मैदानावर फिरायला येणारी निम्मी मंडळी कानटोपीखाली जबडा घट्ट मिटूनच फेऱ्या मारतात. त्यांच्या कडेने शाळकरी पोरांचा स्प्रिंटचा सराव चालतो आणि सर मधूनमधून ओरडतात, "जबडा सैल सोड रे! दातांनी पळणारेस का?"

मला याची गंमत वाटते. दात-ओठ खाल्ल्याशिवाय जोर लागत नाही, हे तर आपण गॅसची टाकी सरकवतानासुद्धा धरून चालतो. आणि ते खोटंही नाही. एर्नो येंड्राशिक नावाच्या हंगेरियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं, की दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढली की गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जास्तच उसळतो. दात आवळूनही तेच होतं. ताण जबड्यात, पण जागे होतात पार पायाला हुकूम देणारे मज्जातंतू. दात आवळून उडी मारली तर पायातलं बळ लवकर उभं राहतं, असंही काही प्रयोगांत दिसलंय.

पण गुडघ्याची ती उसळी मणक्यातल्या मणक्यात उरकते. शर्यत सुरू करणाऱ्या पिस्तुलाचा आवाज मात्र कानातून मेंदूत जातो, तिथे त्याची दखल घेतली जाते आणि मगच पाय सुटतो. म्हणून तर ०.१०० सेकंदाच्या आत हललेल्या धावपटूला आवाज ऐकण्याआधीच निघाला असं धरून बाद करतात. बरं, सुटलात लवकर, पुढे काय? २००९ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत जमैकाचा असाफा पॉवेल ०.१३४ सेकंदात सुटला, त्याचाच देशबंधू उसेन बोल्ट ०.१४६ मध्ये. पॉवेल तिसरा आला, बोल्टने ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. बोल्टची कुठलीही शर्यत संथ गतीत बघा, गाल नुसते लदलदत असतात. जबडा आवळला की मान आखडते, मानेपाठोपाठ खांदे, आणि खांदे आखडले की हात मोकळे फिरत नाहीत. मला विचाराल तर गोळाफेकवाल्याने खुशाल दात आवळावेत. पळणाऱ्याने फार तर पहिल्या ढकलीपुरते.

आपल्या खेळांनी हा प्रश्न परस्परच सोडवलाय. दात आवळून "खो" म्हणून बघा. कबड्डीत चढाईवाल्याला तर श्वास संपेपर्यंत जबडा हलवतच राहावं लागतं. दात खायची मुभा फक्त पकड करणाऱ्यांना. खो-खोत पाटीवर बसलेल्या पोराकडे जवळून बघितलं तर कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात एक गाठ वर-खाली होताना दिसते. पाठीवर थाप पडली, "खो" ऐकू आला, की ती गाठ विरते आणि पोरगा उठलेला असतो.

अर्थात नाशिकमधली सगळ्यात जलद प्रतिक्रिया मैदानावर नाही, सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या सिग्नलला मिळते. दिवा हिरवा होतो न होतो तोच मागून हॉर्न. ऑलिंपिकमध्ये नक्की बाद झाला असता. एकदा मुद्दाम मागे वळून त्या गृहस्थांचा जबडा बघितला. निवांत पान चघळत होते.