टाळावर चालणारे पाय

आषाढीला कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून जवळच्या नंदवाळ गावच्या विठोबाला दिंडी निघते. वाट दहा-बारा किलोमीटरची. धडधाकट माणसाला तिचं काही वाटत नाही, पण पार्किन्सन, म्हणजे हालचाल अडवणारा मेंदूचा आजार, झालेल्या आमच्या तात्यांना घेऊन निघायचं म्हणजे सगळा दिवस गोळीच्या वेळेवर बसवावा लागायचा. तात्या आता नाहीत. दिंडीत असे आजोबा मात्र दरवर्षी दिसतात, आणि बरोबरची पोरं त्यांना दंडाला धरून पुढं ओढत असतात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी गोळी. लेव्होडोपा-कार्बिडोपा ही या आजारावरची नेहमीची गोळी, ती घेतल्यावर अंमल चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. तात्यांची पहिली गोळी सातला, पुढच्या चार-चार तासांनी. त्यामुळं पावणेआठच्या आत त्यांना रस्त्यावर काढायचं नाही. अकराची गोळी दहा मिनिटं चुकली तरी साडेअकराला पाय जड व्हायचे. टाळ-मृदंगात मोबाईलचा गजर ऐकू येत नाही, तो थरथरणारा लावून बरोबरच्या माणसानं आपल्या खिशात ठेवावा.

उपवासाची भानगड वेगळीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याचा गोळीला त्रास नाही. त्रास शेंगदाण्याच्या कुटाचा आणि दुधाचा. त्यातलं प्रोटीन आतड्यात आणि पुढं मेंदूच्या दारातही लेव्होडोपाशी जागेसाठी भांडतं, आणि गोळी घेऊनही माणूस अडकलेलाच राहतो. सगळ्यांना हे जाणवतं असं नाही, दुखणं जुनं झालं की जास्त जाणवतं. तात्यांना गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर द्यायचो, मग रताळं किंवा केळं. कोरडी खिचडी तर नकोच, गिळताना ती घशात बसते. उपवास आहे म्हणून गोळीच टाळणारेही भेटतात. तसं कधीही करू नये. ही औषधं एकदम बंद केली तर ताप, ताठरपणा, भ्रम इथपर्यंत मजल जाते.

आता चालणं. या आजारात मेंदूतल्या डोपामीन (हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी झडत जातात, आणि न विचार करता पडणारं पाऊल पडेनासं होतं. बाहेरून ठेका मिळाला की तेच पाऊल उचलतं. घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाच-पाच मिनिटं खिळून राहणारे तात्या ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या गजरात साने गुरुजी वसाहतीपर्यंत सलग चालायचे. आम्ही त्यांना टाळकऱ्यांच्या मागच्याच ओळीत ठेवायचो. ठेका त्यांच्या चालीचाच हवा. भजन द्रुत झालं की पावलं बारीक होऊन पळायला लागतात आणि अंग पुढं झुकतं. पुईखडीचा चढ त्यांना सोपा जायचा. धास्ती उताराची.

खरी अडचण गजर थांबला की. चहाच्या स्टॉलपाशी दिंडी रेंगाळली, पुन्हा निघाली, आणि तात्यांचे तळवे रस्त्याला डकवल्यासारखे. अशा वेळी ओढलं तर वरचं धड पुढं जातं, पाय मागं राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. आधी पूर्ण थांबू द्यायचं. ताठ उभं करायचं, वजन डावीकडं-उजवीकडं दोन-तीनदा हलवायला सांगायचं, मग ‘एक, दोन’ म्हणून मोठं पाऊल. तरी नाही उचललं तर आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढं आडवं ठेवायचं. ते ओलांडायला गेले की चाल सुटते. हात आपण धरायचा नाही, त्यांनी आपलं कोपर धरायचं.

चालता चालता त्यांच्याशी बोलायचंही नाही. वाटेत कुणी ‘काय तात्या, बरं हाय न्हवं?’ म्हटलं की उत्तर द्यायला ते थबकायचे, कारण दोन कामं एका वेळी झेपत नाहीत. आणि एक खोड जन्माची: घरचे सगळे येतायत का, हे बघायला सारखं मागं वळणं. जागच्या जागी वळणं या आजारात सगळ्यात वाईट, पाय एकमेकांत अडकतात. वळायचंच तर मोठा वळसा घेऊन. ‘वळू नका’ हे त्यांना सांगून उपयोग नव्हता, बापमाणूस तो. मग नातवंडांना त्यांच्या पुढं चालवायला लागलो, म्हणजे मोजदाद समोरच व्हायची.

पायात कोल्हापुरी नको. आयुष्यभर त्यांनी तीच वापरली, पण पाय फरफटायला लागला की मागून पट्टा नसलेली चप्पल सुटते, आणि पावसात चामड्याचा तळ घसरतो. चिकटपट्टीचे हलके बूट घ्यावेत, तळ फार खरखरीत नसावा, नाहीतर तोच अडखळतो. छत्रीनं एक हात अडकतो, त्यापेक्षा रेनकोट बरा. पुईखडीच्या रिंगणात घोडा आला की गर्दी मागं सरते, आणि मागं ढकललेला पार्किन्सनचा माणूस स्वतःला सावरू शकत नाही. घडीचं स्टूल घेऊन लांब बसवावं. नंदवाळच्या देवळात साष्टांग नमस्कार नको, उठताना रक्तदाब उतरून अंधारी येते. हात जोडले तरी पुरे.

शेवटचं म्हणजे खिशातली चिठ्ठी. वाटेतल्या मदतकेंद्रात मळमळीवर सहज मिळणाऱ्या गोळ्यांपैकी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या डोपामीनचं काम अडवतात, आजार भडकतो. त्यापेक्षा डॉम्पेरिडोन, तेही आपल्या डॉक्टरांना आधी विचारून. तात्या गुळाच्या अडतीत दिवाणजी होते, अक्षर एकेकाळी मोत्यासारखं. चिठ्ठी त्यांनी हट्टानं स्वतःच लिहिली, पण ओळीच्या शेवटापर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं. मग सूनबाईंनी मागच्या बाजूला तेच ठळक लिहून काढलं: आजाराचं नाव, गोळ्यांच्या वेळा, न चालणारी दोन औषधं आणि घरच्या दोघांचे मोबाईल नंबर. वर प्लॅस्टिकची पिशवी, कारण पाऊस ठरलेलाच.