मातीच्या बैलाचा चौथा पाय

बेळगाव, चिकोडी, अथणीकडं ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, होतो आणि पुढं पंधरा दिवसांनी, मण्णेत्तिन म्हणजे मातीच्या बैलांच्या अमावास्येला, घरोघर मातीची बैलजोडी येते. कुंभाराच्या पाटीतून बैल निवडताना जाणती बाई रंग बघत नाही. बैल सपाट फरशीवर ठेवते आणि पाठीवर बोटानं टोचते. डुगडुगला की दुसरा. जमीन कशीही असली तरी तीन पाय टेकतातच, म्हणून तिपाई कधी डुगडुगत नाही. सगळी भानगड चौथ्या पायाची. वाळताना माती आकसते, एखादा पाय तांदळाच्या दाण्याएवढा आखूड होतो आणि बैल जन्माचा लंगडा.

जिवंत जनावर चौथ्या पायावर अडून बसत नाही. संथ चरणारी गाय बघावी. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असा क्रम चालतो. एक पाय हवेत, तीन जमिनीवर. उभं राहायला तीन पुरतात, चौथा पुढं जायला.

कुंभार बैलाला गुडघे करत नाही, हे एका अर्थी बरंच. चित्र काढणारे करतात आणि हमखास चुकतात. बैलाच्या पुढच्या पायाचा जो ‘गुडघा’ आपण म्हणतो, ते त्याचं मनगट. मागच्या पायाला मागं निघालेला कोपरा म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीत दडलेला असतो. खूर म्हणजे मधल्या दोन बोटांची नखं, आणि मागं वर लोंबणाऱ्या दोन खुरट्या ही उरलेली बोटं. अंगठा कधीच गेला. घोडा तर एकाच बोटावर उभा असतो. कुत्रं बोटं टेकून चालतं. आपल्यासारखी टाच टेकवून चालणारं म्हणाल तर खानापूरच्या जंगलातलं अस्वल.

नखांवरचा हा भार ऊसतोडीच्या हंगामात कळतो. गाडीत ऊस, खाली डांबर. खूर महिन्याला जेमतेम 5 मिलिमीटर वाढतो आणि डांबर त्याहून लवकर खातं, म्हणून खुराला नालासारख्या लोखंडी पत्र्या मारायच्या. खुराची दोन्ही नखं चालताना वेगवेगळी हलतात. त्यामुळं एका पायाला दोन पत्र्या, बैलाला आठ, जोडीला सोळा. घोड्याचा पाय उचलून धरला तर तो उरलेल्या तीन पायांवर निवांत उभा राहतो. बैल हे सहसा मानत नाही, त्याला पाडावंच लागतं. मानेला न आवळणारी गाठ, पुढच्या पायांमागून छातीला एक वेढा, मागच्या पायांपुढून पोटाला दुसरा. मग दोर सरळ मागं ओढला की बैल आपसूक बसतो. हिसके द्यायची गरज नाही. मात्र वैरण खाऊन तट्ट झालेला बैल पाडू नये आणि पाडलेला फार वेळ ठेवू नये. आडव्या बैलाचा वायू तोंडावाटे सुटत नाही आणि पोट फुगतं. खूर सपाट तासायचा, पण तळ पातळ करायचा नाही. खिळा खुराच्या कडेच्या भिंतीतून तिरका जाऊन बाहेर निघाला पाहिजे. आत वळला की जिव्हाळीला, म्हणजे नखाआतल्या जिवंत भागाला, लागतो, आणि बैल दुसऱ्या दिवशी त्या पायावर उभा राहत नाही.

लंगडणारं जनावर ओळखायला बाजारात गिऱ्हाईक पायाकडं बघतं. बघावी मान. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते आणि चांगला टेकताना खाली येते. मागच्या पायात दुखणं बहुधा बाहेरच्या नखात असतं. आणि ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ ही म्हण दावणीला लागू नाही. तिथं लंगडी गाय आधी खाणं सोडते, मग दूध.

उठणं हे चालण्यापेक्षा अवघड काम. गाय पुढच्या ‘गुडघ्यांवर’ येते, डोकं पुढं झोकते आणि त्या झोक्यात मागचा भाग उचलते. पुढचे पाय शेवटी. या झोक्याला तोंडापुढं दोन-तीन फूट जागा लागते. दावं आखूड बांधलं, गव्हाण अगदी नाकाशी आली किंवा फरशी गुळगुळीत असली की झोका बसत नाही. मग गाय कुत्र्यासारखी बसकण मारून आधी पुढचे पाय उभे करू बघते. गोठ्यात काहीतरी चुकल्याची ती खूण. व्यालेली गाय दोन-तीन दिवसांत उठेनाशी झाली तर मात्र गोठा बघत बसू नये. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं, लगेच जनावरांचा डॉक्टर बोलवावा. घोड्याची रीत उलटी, पुढचे पाय आधी. धनगराच्या वाड्यावरचं घोडं उभ्यानंच डुलक्या काढतं. मागच्या एका पायाची गुडघ्याची वाटी हाडाच्या खुंटीवर अडकवून ठेवतं आणि दुसऱ्या पायाचं नुसतं टोक टेकवतं. तीन कामावर, एक सुट्टीवर. गाढ झोपेसाठी त्यालाही थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं.

घाई झाली की तिपाई मोडते. दुडकीत तिरके दोन पाय एकदम पडतात. भरधाव घोड्याचे चारी खूर क्षणभर हवेत असतात. 1878 मध्ये मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून ते दाखवलं, तेव्हा चित्रकार खजील झाले असावेत. त्यांनी चारी पाय लांबवलेले रंगवले होते. प्रत्यक्षात खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात.

मुंगीला ही अडचण पळतानाही फारशी येत नाही. सहा पाय म्हणजे दोन तिपाया. एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला टेकलेले, बाकीचे तीन हवेत, मग अदलाबदल. अमावास्येच्या संध्याकाळी देवळीतल्या बैलासमोर गुळाचा खडा ठेवला की मुंग्या येतात आणि बैलाच्या न टेकलेल्या पायाखालून निघून जातात.